न्यायप्रविष्ट शेंगा

आमच्या घरमालकांनी आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला सहा वर्षं नावानं हाक मारली नव्हती. ते त्याला 'वादी' म्हणायचे. "वादी आज लवकर उठले." "वादीच्या दारात नवी मोटारसायकल दिसून राहिली." "वादीला दोन दिवस खोकला हाय, दवाखान्यात गेले न्हाईत अजून." भाऊ एका भिंतीपलीकडं राहायचा. त्याच्या घरात कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हेही यांना ठाऊक असायचं. पण समोरासमोर आले की दोघंही आपापल्या चपलांकडं बघत निघून जायचे.

दोघांमध्ये केस चालू होती, आणि आमचे घरमालक सगळी नोकरी तालुक्याच्या कोर्टात बेलिफ होते. बेलिफ म्हणजे कोर्टाच्या नोटिसा घरोघरी पोचवणारा, निकाल लागला की जागेचा ताबा ज्याचा त्याला काढून देणारा माणूस. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी कंधारात सगळे त्यांना बेलिफच म्हणायचे. मी काका म्हणायचे.

"केस चालू असली की वादी-प्रतिवादीनं परस्पर बोलू नये. बोलायचं ते वकिलामार्फत," असं काकांचं म्हणणं.

असं कायद्यात कुठं नाही, हे मी त्यांना एकदा सांगितलं.

"कायद्यात नसंल," ते म्हणाले. "दस्तुरात हाय."

मी त्यांच्याकडं कशी आले तेही सांगते. माझं गाव शिरूर अनंतपाळकडचं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आई आणि आजी रोजानं दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायच्या, आणि लातूरच्या कॉलेजात तण व्यवस्थापनाच्या पेपरात मी वर्गात पहिली आले. हे मी मिरवायलाच सांगते आहे. कृषी सहायक म्हणून नेमणूक झाली आणि कंधारला खोली शोधायला गेले, तर पहिल्या चार घरांत आधी आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्यावर चारही घरांना एकदम आठवलं की खोली पाहुण्यांसाठी ठेवलेली आहे. पाचवं घर काकांचं. त्यांनी आडनाव विचारलं नाही. विचारलं, "नेमणुकीचा हुकूम हाय का?"

मी पत्र दिलं. त्यांनी चष्मा पुसला, पत्र तीनदा वाचलं, शिक्का उजेडाकडं धरून बघितला. आडनाव त्यात होतंच, तेही तीनदा वाचून झालं असणार. मग पत्राची घडी पहिल्यासारखीच घालून माझ्या हातात दिली.

"हुकूम हाय. मंग खोली हाय."

माणसांना ते खात्याच्या नावानं हाक मारत. मी 'कृषी'. समोरचे कंडक्टर 'परिवहन'. दूध घालणारी बाई 'दुग्धविकास'. "ओ दुग्धविकास, आज पाणी लई हाय बरं का," असं रोज सकाळी दारातून ऐकू यायचं, आणि ती बाई म्हणायची, "मंग नोटीस काढा की बेलिफसाहेब!" तिला ते विनोदानं म्हणायचं होतं. पण काकांच्या घरात नोटिसा खरोखरच निघत. वहीचं पान फाडून, 'विषय' लिहून, ते दारांवर नोटिसा डकवायचे. नळाजवळ एक, जिन्यात एक. स्वयंपाकघराच्या दारावर होती ती अशी : 'विषय – चहात साखर एकच चमचा टाकणेबाबत.' खाली काकूंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं : 'मिळाली. मान्य नाही.'

दोन्ही अक्षरांसह तो कागद मी तिथं राहीपर्यंत दारावर होता, आणि चहात दोन चमचे साखर पडत होती.

नोकरीतल्या त्यांच्या गोष्टी गावात लोक हसून सांगत. ज्या घरात नोटीस द्यायची तिथं ते पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. उन्हातान्हात सायकलवर दहा-बारा मैल जाऊन, सही घेऊन, तहानलेले परत यायचे. काकूंनी मला सांगितलेली एक गोष्ट मात्र हसून सांगण्यातली नव्हती. एका घराचा ताबा काढायचा हुकूम होता. आत नवरा-बायको आणि म्हातारी सासू. काकांनी सामान बाहेर काढायला लावलं, कुलूप घातलं, पंचनामा केला, कोर्टात जाऊन कागद जमा केले. संध्याकाळी ड्यूटी सुटल्यावर सायकल घेऊन त्याच घरापुढं परत गेले, आणि त्या लोकांची भांडी दोन खेपा करून त्यांच्या नव्या जागी पोचवली. नव्या जागी त्यांना चहा दिला, तो प्याले. त्या घरातली बायको चहा देताना त्यांना म्हणाली, "सकाळी कुलूप घालताना तुमचा हात कसा न्हाई थरथरला?" काका म्हणाले, "सकाळचा हात कोर्टाचा व्हता, बाई."

असा हा माणूस. आता त्या वाफ्याकडं वळते.

दोन्ही घरांच्या मागं, मधोमध, एक वाफा होता. बारा हात लांब, चार हात रुंद. दोघांचे वडील होते तोवर त्यात भाजीपाला व्हायचा. वडील गेल्यावर धाकट्याला तिथं न्हाणीघर बांधायचं होतं. काका म्हणाले, "आधी मोजणी आणू, मंग बांध." बस, एवढंच. पण धाकट्याला ते लागलं. "दादा, तू माझ्यावर मोजणी आणतोस?" म्हणाला आणि दुसऱ्या आठवड्यात वकिलाकडं गेला. काकू म्हणायच्या, "त्यानं गोडीनं दोनदा मागितलं असतं, तर ह्यांनी आख्खा वाफा देऊन वर विटा आणून दिल्या असत्या. आता दोघांचं बी तोंड शिवलेलं. ह्यांच्या पोटात काय हाय मला ठाव हाय. रात्री पलीकडं खोकला आला की हे उठून बसतात. पण आधी कोण बोलणार?"

कोर्टानं सांगितलं, निकाल लागेपर्यंत जागा 'जैसे थे' ठेवावी. याचा अर्थ, तिथं कोणी काही बांधू नये. गावातल्या लहान पोरालाही तो तसा कळला असता. काकांनी हुकूम तीनदा वाचला आणि जैसे थे म्हणजे जैसे थे, असा अर्थ काढला. खोदायचं नाही, पेरायचं नाही, पाणी घालायचं नाही, गवताची काडी उपटायची नाही. नगरपालिकेचा माणूस फवारा घेऊन आला, तर काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून हुकुमाची नक्कल काढून दाखवली आणि त्याला परत पाठवलं.

सहा वर्षांत त्या वाफ्यात काय उगवलं नाही ते विचारा! हराळीनं जमीन शिवून टाकली होती. खाली लव्हाळ्याच्या गाठी, वर कंबरेएवढा आघाडा, मधे गाजर गवत, कडेनं केना पसरलेला, आणि एका कोपऱ्यात आपोआप आलेला एरंड. आमच्या कॉलेजच्या बाईंना दाखवलं असतं तर त्यांनी वर्गाची सहल आणली असती.

आणि त्यात वाल.

काकू दरवर्षी मागच्या पायरीजवळ, आपल्या बिनवादाच्या दोन हात जागेत, वालाच्या चार बिया टोकायच्या. वेलाला काय कळतं? तो आधार शोधत वाफ्यात शिरला. आघाड्यावर चढला, आघाड्यावरून एरंडावर, एरंडावरून पार भावाच्या भिंतीपर्यंत.

"वेलाला नोटीस बजावता येत न्हाई," काकांनी निकाल दिला. "पण हद्दीपलीकडं आपण हात लावायचा न्हाई."

थंडीत शेंगा लागल्या. पायरीजवळच्या काकू तोडायच्या. हद्दीपलीकडच्या, हातभर अंतरावरच्या, चांगल्या कोवळ्या शेंगा नुसत्या बघायच्या. हात पुढं गेला की मागच्या दारातल्या काकांच्या आरामखुर्चीतून खोकला यायचा.

"अहो, दोन शेंगा हो!"

"न्यायप्रविष्ट हायेत."

पलीकडं काकूंची धाकटी जाऊ पण त्याच शेंगांकडं बघत उभी असायची. तिलाही तोडता येत नव्हत्या, कारण वेल तिचा नव्हता. दोघी शेंगांकडं बघायच्या, मग एकमेकींकडं बघायच्या, आणि आत जायच्या. शेंगा वेलावर वाळायच्या, तडकायच्या, आणि दाणे तिथंच तणात पडायचे. पुढच्या पावसात ते दाणे उगवले. आता वाल खुद्द वादातल्या जमिनीत उभा होता.

मी राहायला आल्यावरचा तो पहिला पावसाळा. श्रावणात वरच्या खोलीच्या खिडकीतून रोज दिसायचं. हराळीच्या जाळ्यातून वालाची कोवळी रोपं माना काढून राहिलेली, आणि केना त्यांच्या गळ्याशी आलेला. शेतकऱ्यांना मी बांधावर उभी राहून सांगायची की पहिले तीस-चाळीस दिवस पीक तणमुक्त ठेवा, आणि माझ्याच खिडकीखाली हे चाललेलं. पदवीचं सोडा. माझे हात आईचे आहेत. पिकाशेजारी तण बसलेलं या हातांना बघवत नाही.

एका रविवारी काका आणि काकू जळकोटला कुणाच्या तरी तेराव्याला गेले. मी शेजारून खुरपं मागून आणलं आणि वाफ्यात उतरले.

तीन तास लागले. हराळी मुळासकट काढली, लव्हाळ्याच्या गाठी वेचल्या. एरंड तेवढा ठेवला. वालाच्या प्रत्येक रोपाशेजारी तुराटी रोवली, सुतळीनं सैल बांधली. उभी राहून बघितलं तर वाफा नुकत्याच विंचरलेल्या डोक्यासारखा दिसत होता. तेवढ्यात पलीकडच्या दारात वादी आले.

"मालकानं सांगितलं का करायला?"

"नाही. माझ्या मनानं केलं."

"हं," म्हणाले, आणि मोबाइल काढून फोटो काढू लागले. मला वाटलं, काम आवडलं. वाफा नीट यावा म्हणून मी बाजूलासुद्धा सरकले.

चारच्या सुमाराला काका परतले. हातपाय धुवायला मागं गेले आणि तिथंच थांबले. मी जिन्यात उभी होते, शाबासकीची वाट बघत. त्यांनी वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कृषी, काढलेलं कुठं हाय?"

मी ढिगाकडं बोट दाखवलं.

त्यांनी धोतर खोचलं, ढिगातून एक आघाडा उचलला, आणि वाफ्यात खाली बसून बोटांनी भोक पाडून तो आघाडा परत लावला.

"अहो काका!"

"नोकरीभर एक मेमो न्हाई मला," ते माती दाबत म्हणाले. "लोकांची भरली घरं मोकळी केली मी हुकमावरून. आता माझ्या परसात हुकूम मोडला. मोडला तो मोडला, जागच्या जागी तर करू."

सत्तरीतला माणूस उन्हात बसून गाजर गवत लावत होता, आणि ते माझ्यामुळं. मी पण खाली बसले. तण काढण्यात वर्गात पहिली आलेली मी, तण लावू लागले. "काका, हे सुकलंय, हे लागणार नाही." "लागंल न लागंल, आपण लावायचं." हराळीची काळजी करू नका म्हटलं, तिला नुसती मातीवर टाकली तरी पुरे. कुठं काय होतं ते मला आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं. सहा वर्षं त्या खुर्चीतून ते दुसरं काय बघत होते? "इथं गाजर गवताची तीन. केना ह्या कडंला. आघाडा इथं."

"तो आघाडा तिथं न्हवता."

आवाज पलीकडून आला. वादी आपल्या दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"दोन हात अलीकडं व्हता," ते म्हणाले. "एरंडाच्या सावलीला."

सहा वर्षांतलं हे पहिलं वाक्य. काकांनी वर बघितलं नाही. मग आघाडा उपटला, दोन हात अलीकडं सरकले आणि एरंडाच्या सावलीला लावला. पलीकडचं दार लागलं.

काकू पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय, मला कळलं नाही.

पण फोटो वकिलाकडं गेलेच होते. पुढच्या तारखेला हुकूम मोडल्याचा अर्ज कोर्टात आला. काकांना घरी नोटीस आली. आणणारा बेलिफ तरुण होता, त्याला काकांनीच काम शिकवलेलं. तो दारात घुटमळत उभा. "साहेब, मला लई कसंतरी होऊन राहिलं." काकांनी सही केली आणि काकूंना आतून पाणी आणू दिलं नाही. "त्याला पाणी विचारू नको. तो ड्यूटीवर हाय."

उत्तर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. काकू मला म्हणाल्या, "तुझं नाव घातलेलं न्हाई. तू कोर्टात जाऊ बी नको, पोरी. नवी नोकरी तुझी." मी तो कागद मागून वाचला. 'सदर भंग प्रतिवादीच्या घरातील व्यक्तीकडून झाला आहे. घरातील व्यक्तीच्या कृत्यास प्रतिवादी जबाबदार आहे.'

घरातील व्यक्ती. मी भाडेकरू होते, आणि आधीच्या चार घरांनी मला भाडेकरूसुद्धा होऊ दिलं नव्हतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कोर्टात गेले.

न्यायाधीश बाई होत्या, वयानं तरुण. नाव पुकारलं, फोटो पुढं झाले. काका हात जोडून उभे राहिले, तशी मी मागून उठले आणि सांगितलं की खुरपं माझ्या हातात होतं, यांना माहीतही नव्हतं. काका मागं वळून इतकं रागानं बघत होते की मी भिंतीकडं बघून बोलले. बाईंनी ऐकून घेतलं. मग वादींना विचारलं, "आता वाफ्याची स्थिती काय आहे?"

वकील उठायच्या आत वादीच बोलले. "जशी व्हती तशी हाय, साहेब. त्यांनी समदं तण परत लावलं."

"परत लावलं म्हणजे?"

"लावलं. हातानं. एक आघाडा चुकला व्हता, तो बी सुधरला."

बाईंनी फाइल चेहऱ्यापुढं धरली. थोड्या वेळानं फाइल खाली आली तेव्हा चेहरा सरळ होता. भंगाचा अर्ज त्यांनी निकाली काढला. मग दोन्ही वकिलांना विचारून हुकुमात एक ओळ वाढवली : दोन्ही पक्षांनी एकमेकांच्या समक्ष वाफ्यातील तण काढण्यास व शेंगा निम्म्या-निम्म्या घेण्यास हरकत नाही.

काकांनी ती ओळ तीनदा वाचली. त्यात 'एकमेकांच्या समक्ष' होतं. झालं. पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता ते खुरपं घेऊन वाफ्याच्या एका बाजूला बसले, आणि पलीकडचं दार उघडून वादी दुसऱ्या बाजूला बसले. कोर्टाचा हुकूम होता, त्याला कोण काय करणार?

पहिले दोन रविवार नुसता खुरप्यांचा आवाज. तिसऱ्या रविवारी काका मातीला म्हणाले, "हराळीची मुळी खोल गेलेली हाय." पलीकडून उत्तर आलं, "बाबा म्हणायचे, हराळी ओढू नको, उकर." मग परत खुरपी. पण तेव्हापासून दर रविवारी दोन-चार वाक्यं वाढली. सगळी तणाबद्दल. लव्हाळ्याची गाठ, एरंड ठेवावा की काढावा, गाजर गवतानं अंगाला खाज येते म्हणून लांब बाह्यांचा शर्ट. खोकल्याचं औषधही असंच, मातीकडं बघत, कुणीतरी कुणाला सांगितलं. थंडीत शेंगा उतरल्या. दोघी जावा वाफ्याच्या कडेला बसून निम्म्या-निम्म्या करायच्या, आणि ते काम दहा मिनिटांचं असून त्यांना दोन तास लागायचे.

तणाची एक गोष्ट सांगते, ती पुस्तकातही आहे. लव्हाळा एकदा काढून जात नाही. गाठ खाली राहते, पंधरा दिवसांत परत उगवतो. मी काकांना म्हटलं, एकदा औषध मारलं की कायमचा जाईल, हवं तर कोर्टाची परवानगी काढा. ते म्हणाले, "कृषी, तुम्ही ह्यात पडू नका."

दोन वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या आधी काकूंनी सांगितलं, पलीकडच्या वकिलाचा निरोप आलाय; केस काढून घेऊ म्हणतात, न्हाणीघर त्यांनी केव्हाच पुढच्या अंगाला बांधलं, आता वाफ्याचं काय करायचं. मी आनंदानं काकांकडं गेले. ते आरामखुर्चीत बसून आपल्या वकिलाला फोन लावत होते.

"न्हाई, न्हाई, तडजोड एवढ्यात नको," ते फोनवर म्हणाले. "तब्येतीचं कारण सांगा. तारीख घ्या."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काका, इतकी वर्षं हेच हवं होतं ना? केस संपू द्या की."

ते वाफ्याकडं बघत होते. वाल एरंडावर चढला होता आणि खाली लव्हाळ्याची नवी पाती आली होती.

"केस संपली की हुकूम संपला," ते म्हणाले. "मंग तो कोणत्या हुकमानं येईल?"

मी इतकी शिकलेली, पण त्या क्षणी मला एवढंही सुचलं नाही की भावाकडं यायला हुकूम लागत नाही. बरं झालं सुचलं नाही. त्यांना ते माहीत नव्हतं असं थोडंच आहे!

मागच्या महिन्यात काकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी विचारलं, "केसचं काय?"

"चालू हाय की. परवा पेशी व्हती. पुढची तारीख पडली."

"काकांनी परत मुदत मागितली?"

"ह्यांनी न्हाई, पोरी," काकू म्हणाल्या. "ह्या वेळी त्यांनी मागितली."